पोरांच्या हाती पाना द्या

तुम्ही जुन्या गाड्यांच्या छंदात नवीन आहात आणि तरुण मुलांनाही त्यात ओढायचं म्हणताय, हे वाचून बरं वाटलं. एकच सांगतो: गाडीभोवती दोरी बांधू नका. ‘हात लावू नका’ची पाटी दिसली की पोरगं फोटो काढतं आणि पुढे सरकतं.

त्याला सीटवर बसवा. फोर्ड मॉडेल टी असेल तर काम सोपंच. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या या गाडीला तीन पेडल, पण ॲक्सिलरेटर पायाशी नाहीच. तो स्टिअरिंगखालच्या दांडीवर. मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, सोडलं की दुसरा. हे कळल्यावर गाडी चालवता येणारी मुलंही चक्रावतात आणि मग प्रश्न थांबत नाहीत.

पुढची पायरी कामाची. डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) असलेली जुनी गाडी घ्या, त्याचं झाकण काढा, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पोराच्या हातात द्या आणि पॉइंटमधली, म्हणजे आतल्या उघडझाप करणाऱ्या टोकांमधली, फट त्यालाच लावू द्या. वेळ लागेल, लागू द्या. तुम्ही मध्ये हात घालू नका! त्याने लावलेल्या फटीवर इंजिन धडधडलं की तो पुढच्या रविवारी न बोलावता येतो.

किमतीच्या गप्पा मात्र टाळा, त्याने मुलं बिचकतात. आणि १९८०-९०च्या गाड्यांना नाकं मुरडू नका. काही मुलांच्या आठवणी त्याच गाड्यांच्या मागच्या सीटवरच्या असतात, सुरुवात तिथूनही चालेल.