ऑफेन्सिव्ह लाइनच्या प्रशिक्षकाला श्रेय किती द्यावे?

प्रश्न : आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि घरात न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने नेमाने पाहिले जातात. माझ्या कार्यालयातील जुन्या चाहत्यांचे म्हणणे असे, की 2015च्या हंगामात क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला एवढा मार खावा लागला तो लाइनचे प्रशिक्षक डेव्ह डीगुग्लिएल्मो यांच्यामुळे, आणि निवृत्त झालेले डँटे स्कार्नेकिया 2016 साली परत आले तशी घडी बसली. कॉलेजात शिकणारा माझा मुलगा मात्र हा सगळा दुखापतींचा खेळ मानतो आणि प्रशिक्षकाचा त्याच्याशी काही संबंध नाही असे ठामपणे सांगतो. लाइनमधल्या खेळाडूंच्या नावावर ना यार्ड जमा होतात, ना गुण. तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकाला श्रेय द्यायचे की नाही, हे ठरवावे तरी कसे?

— एक वाचक, नॉर्वूड

उत्तर : आपल्या चाहते मित्रांचा निष्कर्ष बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण त्यासाठी ते जो पुरावा देतात तो टिकणारा नाही. चिरंजीवांनी पुरावा योग्य रीतीने खोडला आहे आणि निष्कर्ष मात्र घाईने काढला आहे.

हा खेळ न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चेंडू आपल्या संघाकडे असताना पुढच्या फळीत जे पाच धिप्पाड खेळाडू उभे राहतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. धावणाऱ्या खेळाडूला वाट करून देणे आणि पास फेकू पाहणाऱ्या क्वार्टरबॅकला प्रतिस्पर्ध्यांपासून वाचवणे हे त्यांचे काम. चेंडू हातातून सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले तर तो सॅक धरला जातो, आणि लाइनचा बरेवाईटपणा सर्रास या सॅकच्या संख्येवरून ठरवला जातो.

आता ती संख्याच पाहू. 2015च्या हंगामात ब्रेडीला 38 वेळा सॅक केले गेले आणि 2016 साली, पहिल्या चार सामन्यांच्या बंदीनंतर खेळलेल्या 12 सामन्यांत, फक्त 15 वेळा. एवढेच सांगितले तर स्कार्नेकियांचा विजय निर्विवाद वाटतो. परंतु निवृत्तीपूर्वीच्या त्यांच्या शेवटच्या हंगामात, म्हणजे 2013 साली, ब्रेडी 40 वेळा सॅक झाला होता. ज्या हंगामामुळे डीगुग्लिएल्मो यांची नोकरी गेली त्याहून दोनने अधिक. त्याच्या पुढच्याच वर्षी, डीगुग्लिएल्मो नवे असताना आणि लोगन मँकिन्ससारखा अनुभवी गार्ड हंगामाच्या तोंडावर टँपा बे या संघाला देऊन टाकलेला असताना, ही संख्या 21वर आली आणि संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकला. केवळ सॅक मोजायचे असतील तर 2014 साली चाहत्यांनी या नव्या प्रशिक्षकाच्या नावाने जयघोष करायला हवा होता. तो कोणी केल्याचे मला आठवत नाही.

आकड्यांच्या या चढउताराचे कारण बरेचसे लाइनच्या बाहेर सापडते. 2013 साली पास झेलणाऱ्यांपैकी (रिसीव्हरांपैकी) वेस वेल्कर डेन्व्हरला निघून गेला होता, रॉब ग्रोंकोव्स्की दुखापतींमुळे अर्ध्याहून अधिक सामने खेळू शकला नाही आणि नवख्या रिसीव्हरांना मोकळी जागा सापडेपर्यंत ब्रेडीला चेंडू हातात धरून थांबावे लागत होते. 2015 साली नोव्हेंबरमध्ये रिसीव्हर जूलियन एडलमन जायबंदी झाला तेव्हा हेच पुन्हा घडले. ज्या क्वार्टरबॅकचा चेंडू दोन-सव्वादोन सेकंदांत सुटतो, त्याची लाइन सामान्य असली तरी चांगली दिसते. ज्याला तीन सेकंद थांबावे लागते, त्याच्यापुढे उत्तम लाइनही उघडी पडते. सॅक हा आकडा लाइन, क्वार्टरबॅक, रिसीव्हर आणि डावपेच आखणारा अशा चौघांच्या सामाईक खात्यातला आहे, आणि लाइनच्या प्रशिक्षकाचा त्यात वाटा असला तरी तो वेगळा काढून दाखवता येत नाही.

आपल्या चिरंजीवांचा दुखापतींचा मुद्दा इथे लागू पडतो. 2015 साली डावा टॅकल नेट सोल्डर ऑक्टोबरमध्येच दंडाचा स्नायू फाटल्यामुळे बाहेर गेला, सेंटर ब्रायन स्टॉर्क पहिला अर्धा हंगाम खेळला नाही आणि आठवड्याआड लाइनमध्ये नवी जुळणी दिसू लागली. याउलट 2016 साली सोल्डर, जो थुनी, डेव्हिड अँड्रूज, शॅक मेसन आणि मार्कस कॅनन हे पाच जण जवळजवळ सगळे सामने एकत्र खेळले. शेजारी रोज तोच माणूस असणे ही लाइनच्या खेळाडूसाठी फार मोठी गोष्ट असते, आणि ती कोणत्याही प्रशिक्षकाच्या हातात नसते.

मग प्रशिक्षकाच्या हातात काय असते? इथे 2015च्या हंगामाअखेर डेन्व्हरमध्ये डेन्व्हरच्या संघाशी झालेल्या सामन्याकडे जरा जवळून पाहावे लागेल. 24 जानेवारी 2016 रोजी पॅट्रियट्स 18-20 असे हरले आणि ब्रेडीला सुमारे 20 वेळा प्रतिस्पर्ध्यांचे तडाखे बसले. प्रत्यक्ष सॅक चारच झाले होते. पुढच्या वर्षीच्या जिंकलेल्या सुपर बोलमध्ये, स्कार्नेकिया प्रशिक्षक असताना, त्याला पाच वेळा सॅक केले गेले, हेही सॅक मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. डेन्व्हरचे मैदान गोंगाटासाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी क्वार्टरबॅकची हाक लाइनपर्यंत पोहोचत नाही, म्हणून मूक खुणेचा आधार घेतला जातो. सेंटर मान हलवतो आणि क्षणभराने चेंडू मागे देतो. टॅकल त्या मानेकडे पाहून आपली हालचाल ठरवतात. ही लय प्रत्येक वेळी सारखीच राहिली तर समोरचाही ती ओळखतो. स्टॉर्कच्या मानेच्या हालचालीवरून डेन्व्हरच्या व्हॉन मिलरला चेंडू सुटण्याची वेळ कळत होती, असे विश्लेषण सामन्यानंतर बरेच झाले. मिलरने त्या दिवशी अडीच सॅक केले (दोघांनी मिळून केलेला सॅक अर्धा-अर्धा मोजतात), ब्रेडीचा एक पासही मध्येच पकडला, आणि अनेकदा टॅकल उठायच्या आत तो निघालेला दिसत होता. दुखापती कितीही असल्या तरी ही लय मोडून बदलत राहणे सरावात शिकवता येते आणि ती फुटत असेल तर सामन्याच्या मध्यावर सुधारताही येते. डीगुग्लिएल्मो यांना ज्यासाठी जबाबदार धरावे अशी गोष्ट ही आहे. संघाने त्यांना लगेच निरोप दिला तो एवढ्यासाठीच होता असे मी म्हणणार नाही, पण तक्रार करायचीच असेल तर ती 38 सॅकची नसून या मानेची असावी.

श्रेयाच्या बाजूनेही असाच नेमका पुरावा शोधावा लागतो. माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी ही, की तोच खेळाडू, त्याच जागेवर, प्रशिक्षक बदलल्यावर वेगळा खेळला का? कॅननचे उदाहरण घ्या. तो 2011च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू फेरीफेरीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) पाचव्या फेरीत आला, बरीच वर्षे राखीव खेळाडू म्हणून वावरला, आणि डेन्व्हरच्या त्या सामन्यात उजव्या टॅकलच्या जागी त्याची दमछाक सर्वांनी पाहिली. त्याच जागेवर 2016 साली तो इतका बदलला की हंगामाअखेर ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीतल्या, दुसऱ्या संघात त्याची निवड झाली. यात एक अडचण आहे आणि ती लपवणे बरे नाही. कॅननची पहिली तीन वर्षेही स्कार्नेकियांच्याच हाताखाली गेली होती, आणि 2016 साली तो वजन उतरवून आला होता, ज्याचे श्रेय आधी त्याचे स्वतःचे. तरीही एका हंगामात पायांची ठेवण आणि हातांची वेळ इतकी सुधारते, तेव्हा त्यामागे शिकवणारा असतो असे मानायला मला संकोच वाटत नाही.

याहून स्वच्छ उदाहरण स्टीफन नीलचे आहे. महाराष्ट्रात ते ठाऊक असायला हवे, कारण हा गडी मुळात पैलवान. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डच्या विद्यापीठाकडून खेळताना त्याने दोनदा राष्ट्रीय आंतरविद्यापीठीय स्पर्धा जिंकली, त्यातल्या 1999च्या अंतिम कुस्तीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवले (होय, आपल्या मुलांना टीव्हीवरच्या कुस्तीतून माहीत असलेला तोच), आणि त्याच वर्षी तो फ्रीस्टाइलमध्ये जगज्जेता झाला. कॉलेजात तो फुटबॉल एकही दिवस खेळला नव्हता. 2001 साली पॅट्रियट्सनी त्याला घेतले आणि स्कार्नेकियांच्या तालमीत तो अनेक वर्षे टिकलेला गार्ड झाला. पहिल्या फेरीत निवडलेला टॅकल उत्तम खेळला तर निवड करणाऱ्याचे कौतुक करावे. पण ज्याला गार्डने पाऊल कसे टाकावे हेही माहीत नव्हते असा माणूस सुपर बोल जिंकणाऱ्या लाइनमध्ये उभा राहिला, तर शिकवणाऱ्याचा वाटा कोणी नाकारू शकणार नाही.

दुसरी कसोटी पाचही जणांच्या एकत्र हालचालीची आहे. समोरचे दोघे मुद्दाम जागा बदलतात: आतला बाहेर झेपावून टॅकलला अडकवतो आणि कडेचा मागून वळसा घालून मध्ये शिरतो. अशा वेळी गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली करून येणाऱ्या नव्या माणसाला घ्यायचे असते, आणि दोघांनीही हे एकाच क्षणी ओळखायचे असते. दोघे आपापल्या माणसामागे गेले तर मध्ये भगदाड पडते. ही अदलाबदल उपजत येत नाही. शरीराने सामान्य असलेली लाइन जर हे सतत बिनचूक करत असेल, तर प्रशिक्षक चांगला आहे असे मी बेधडक म्हणेन.

प्रो फुटबॉल फोकससारख्या संस्था प्रत्येक खेळीला प्रत्येक खेळाडूस गुण देतात. खेळाडूचा अंदाज घ्यायला ते उपयोगी आहेत. परंतु भगदाड पडले तेव्हा कोणाला काय करायला सांगितले होते, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळतेच असे नाही, आणि प्रशिक्षकाचे काम नेमके त्या सूचनेत असते.

प्रश्न : याच संदर्भात विचारतो. प्रशिक्षक दुसऱ्या संघात गेल्यावर काय घडते, यावरून निवाडा सोपा होत नाही का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडासा होतो, पण तिथेही सावध राहावे लागते, आणि योगायोगाने डीगुग्लिएल्मो यांचीच नंतरची एक नोकरी याचे चांगले उदाहरण आहे. 2018 साली ते इंडियानापोलिस कोल्ट्सच्या लाइनचे प्रशिक्षक होते. आदल्या वर्षी या संघाने 56 सॅक दिले होते. 2018 साली फक्त 18, संपूर्ण लीगमध्ये सर्वांत कमी. मात्र दरम्यान क्वार्टरबॅक अँड्र्यू लक दुखापतीतून परतला होता, मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक यांची नवी पद्धत आली होती आणि ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन मिळाला होता. लकला बाजूला काढून पाहायचे असेल तर जॅकोबी ब्रिसेटकडे पाहावे: 2017 साली तो 52 वेळा सॅक झाला आणि 2019 साली, लक निवृत्त झाल्यावर आणि लाइनचा प्रशिक्षकही बदललेला असताना, 27 वेळा. म्हणजे सुधारणेचा मोठा हिस्सा खेळाडूंचा होता आणि तो प्रशिक्षकामागून निघून गेला नाही.

तरी वर सांगितलेली पहिली कसोटी इथे लावली, तर एक गोष्ट डीगुग्लिएल्मो यांच्या बाजूने उरते. मार्क ग्लोविन्स्की या गार्डला सिअ‍ॅटलने 2017च्या डिसेंबरमध्ये सोडून दिले होते. कोल्ट्सनी त्याला उचलले, 2018च्या हंगामाच्या मध्यावर तो लाइनमध्ये आला, तिथे टिकला आणि हंगाम संपता-संपता त्याला तीन वर्षांचा करार मिळाला. त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र कोल्ट्सनी जानेवारी 2019मध्ये कामावरून कमी केले.