अलर्ट बरोबर, हात वेगळा
(ब्रिज : ओपनिंग बोलीबद्दल वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमच्यात ‘दोन चौकट’ म्हणजे मल्टी ठरलं आहे : कमजोर हात, बदामाची किंवा इस्पिकची सहा पानं. ऐन डावात मी ते विसरलो आणि चौकटीच्या सहा पानांवर ती बोली दिली. पार्टनरने अलर्ट (या बोलीचा अर्थ खास ठरवलेला आहे, अशी प्रतिस्पर्ध्यांना सूचना) दिला, विचारल्यावर मल्टीचा अर्थ सांगितला. मी लगेच खुलासा करायला हवा होता का?

उत्तर : नाही. तुमच्यात काय ठरलं आहे हे कळण्याचा प्रतिस्पर्ध्यांना पूर्ण हक्क आहे; तुमच्या हातात काय आहे ते कळण्याचा नाही. पार्टनरने ठरलेलंच सांगितलं. म्हणजे खुलासा बरोबर, बोली चुकलेली, आणि 2017 च्या ड्युप्लिकेट ब्रिज नियमांत नुसत्या चुकलेल्या बोलीला दंड नाही. मात्र पुरावा लागतो. कन्व्हेन्शन कार्डावर (जोडीने ठरवलेले बोलींचे अर्थ लिहिलेलं कार्ड) मल्टी लिहिलेलं नसेल आणि दुसरा पुरावाही नसेल, तर खुलासाच चुकला असं डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेतला पंच, धरतो (नियम 21). म्हणून कार्ड भरून दोघांनीही जवळ ठेवा.

खरी अडचण पुढे येते. पार्टनरच्या अलर्टमुळे तुम्हाला चूक आठवली, पण ही माहिती तुम्हाला वापरता येत नाही (नियम 16 आणि 73). समजा हात असा आहे : इस्पिक अठ्ठी-चव्वी; बदाम राणी-सत्ती-तिर्री; चौकट राजा-गुलाम-दश्शी-नव्वी-छक्की-दुर्री; किलवर पंजी-तिर्री. पार्टनर म्हणतो, ‘दोन बदाम’. मल्टीत याचा अर्थ ‘बदाम असतील तर पास कर, नसतील तर इस्पिक बोल’. त्याच्याकडे बदामाची दोनच पानं असू शकतात. तुम्ही मात्र अलर्ट ऐकलाच नाही असं समजून बोलायचं. कमजोर चौकट दाखवल्यावर आलेले ‘दोन बदाम’ म्हणजे पार्टनरचा स्वतःचा रंग, बहुतेक जोड्यांत फोर्सिंग, म्हणजे त्यावर पास करायचा नाही. राणीसह तीन पानं हाती असताना ‘तीन बदाम’ हीच प्रामाणिक बोली. पास केलात किंवा ‘तीन चौकट’कडे पळालात आणि त्यात प्रतिस्पर्ध्यांचं नुकसान झालं, तर डायरेक्टर स्कोअर बदलेल. तीन बदाम बुडाले तर बुडू द्यावेत.

प्रश्न : आणि उलट झालं तर? ‘दोन चौकट’ नैसर्गिक, म्हणजे चौकटीचाच रंग दाखवणारी, ठरली आहे, पण पार्टनरनेच मल्टी सांगितलं.

उत्तर : बोली संपेपर्यंत गप्प राहा, चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका. बोली जिंकून तुमची बाजू खेळणार असेल, तर शेवटच्या पासनंतर आणि पहिल्या लीडच्या (डावातलं पहिलं पान टाकण्याच्या) आधी डायरेक्टरला बोलवा आणि तुमच्यात खरं काय ठरलं आहे ते त्याच्यासमोर सांगा. चुकीच्या माहितीमुळे पास केला असं दिसलं, तर प्रतिस्पर्ध्यांचा अगदी शेवटचा पास तो बदलू देऊ शकतो. त्याआधीचा नाही, कारण त्यानंतर त्यांच्या पार्टनरची बोली झालेली असते. तुम्ही बचाव करत असाल तर डाव पूर्ण खेळून होईपर्यंत थांबा, नाहीतर तुमच्या पार्टनरलाच माहिती मिळेल. ही बंधनं दुसऱ्याने केलेल्या खुलाशाला आहेत. ज्याने चुकीचं सांगितलं त्याला स्वतःला चूक उमगली, तर तो तेव्हाच डायरेक्टरला बोलावू शकतो.

प्रश्न : ‘एक किलवर’ला आम्ही ‘शॉर्ट क्लब’ एवढंच सांगतो. पुरे का?

उत्तर : नाही. कन्व्हेन्शनचं नाव म्हणजे खुलासा नव्हे. ‘किलवरची किमान दोन पानं, दोनच असतील तर इस्पिक आणि बदाम चार-चार, चौकट तीन’ असं सांगा. मेजरला (इस्पिक, बदाम) पाच आणि चौकटीला चार पानं लागणाऱ्या पद्धतीत दोन पानी किलवर फक्त याच वाटणीत येतो, आणि लीड देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. इंग्लंड-अमेरिकेत अशा बोलीची घोषणा पार्टनरने न विचारता करायची असते.

‘एक नो ट्रम्प’चंही तसंच. कार्डावर 15 ते 17 (मोठ्या पानांचे गुण) लिहून चांगल्या 14 वर नेहमी उघडत असाल, तर ‘चांगले 14 ते 17’ म्हणा. कधी तोंडाने ठरवलं नसलं तरी अनुभवाने दोघांना माहीत झालेली सवय हाही तुमच्यातला करारच असतो (नियम 40).

प्रश्न : अलर्ट आला की लगेच अर्थ विचारावा का?

उत्तर : तुमची पाळी आल्यावरच विचारा, आणि बोली देणाऱ्याच्या पार्टनरला विचारा. ‘कमजोर आहे ना?’ असा प्रश्न नको, ‘या बोलीचा अर्थ काय?’ एवढंच. हात चांगला असेल तेव्हाच विचारायची सवय पार्टनरला बरंच काही सांगून जाते. त्यापेक्षा फेरी सुरू होताच त्यांचं कार्ड वाचून घ्या. पार्टनर दिसू नये म्हणून पडदा लावलेल्या टेबलावर मात्र स्वतःच्या बोलीचाही अलर्ट आपणच आपल्या बाजूला बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला द्यायचा आणि प्रश्नोत्तरं लिहून करायची. ऑनलाइन खेळात आपली बोली आपणच समजावायची. तो खुलासा फक्त प्रतिस्पर्ध्यांना दिसतो, त्यामुळे हातचं राखून लिहायचं काहीच कारण नाही.