मंडालेची घरं आणि आपलं सोयाबीन

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की म्यानमारच्या भूकंपग्रस्तांना भारत सरकारने घरं बांधून द्यावीत आणि त्यासाठी वाचकांनी खासदारांना पत्रं लिहावीत. माझं सोयाबीन सप्टेंबरच्या पाण्यात गेलं, जमीन खरडली ती वेगळीच. आधी घरचं बघायचं की परमुलखाचं? आणि आमच्या पत्रानं दिल्लीत काय हलणार?
— एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. पण हे दोन खिसे वेगळे आहेत. अतिवृष्टीची मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. त्यात आपल्याकडे ७५ टक्के केंद्र घालतं, २५ टक्के राज्य. परदेशाला जाणारी मदत परराष्ट्र मंत्रालयाच्या तरतुदीतून जाते. मंडालेला एक रुपया गेला नाही म्हणून तुमचे पैसे लवकर जमा होणार नाहीत. खरडलेल्या जमिनीची मदत मात्र पिकापेक्षा वेगळी असते. पंचनाम्यात तिची नोंद झाली का, ते तलाठ्याकडे जाऊन बघाच.

तुम्ही औशाचे, म्हणून किल्लारीचं बोलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली आणि लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त, मजबूत केली. त्याचा मोठा पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून आला, म्हणजे बाहेरूनच. त्या दुरुस्तीच्या कामावर मी नवखी अभियंता होते. जाड दगडी भिंत, आत माती, वर मातीचं जड माळवद: माणसं त्याखालीच गेली.

पुढे तीच भिंत मला नेपाळात, नुवाकोटला भेटली. तिथे गवंड्याला डकर्मी म्हणतात. त्यांच्या प्रशिक्षणासाठी मी गेले होते. एका पडक्या घरापाशी एका म्हाताऱ्या डकर्मीनं मला कोपरा दाखवला. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी बाहेरची दगडी बाजू सुटून पडली होती, आतली उभी होती. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार लांब दगड कुठेच नव्हता. ‘असा दगड घडवायला एक दिवस जातो, त्याची मजुरी कोण देणार?’ त्यानं विचारलं. फार खरा प्रश्न होता तो.

त्याचं उत्तर सरकारच देऊ शकतं. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हादरला, त्याच दिवशी आपली विमानं निघाली. त्याचा मला अभिमान आहे. पण तिथे पाच लाखांच्या आसपास घरं पडली होती आणि मी पोचले तेव्हाही कित्येक कुटुंबं जस्तापाता, म्हणजे पत्र्याच्या खोपटातच होती. तोवर संस्थांच्या गाड्या येऊन गेल्या होत्या. घराचं अनुदान तीन लाख नेपाळी रुपये, तेही हप्त्याहप्त्यानं: पाया तपासला की पुढचा हप्ता, भिंती बांधून धरणारा आडवा पट्टा तपासला की त्यापुढचा. वर्षानुवर्षं डोंगर चढून घर न् घर तपासणारी माणसं पदरी ठेवणं देणगीच्या पेटीला झेपत नाही. भारतानं गोरखा आणि नुवाकोटमधल्या ५०,००० घरांचा भार उचलला. ते काम २०२१ मध्ये पुरं झालं.

म्यानमारमध्ये मला हेच हवं आहे. २८ मार्च २०२५ ला ७.७ तीव्रतेचा धक्का बसला आणि साडेतीन हजारांवर माणसं गेली. टिळकांच्या तुरुंगवासामुळे आपण ओळखतो ते मंडाले आणि नदीपलीकडचं सगाईंग, दोन्ही उद्ध्वस्त झाले. ‘ऑपरेशन ब्रह्मा’त आपल्या लष्करानं मंडालेत रुग्णालय उभारलं, एनडीआरएफचे जवान ढिगारे उपसत होते. आता घरांचं काय? तिथे यादवी चालू आहे, त्यामुळे सगळा पैसा लष्करी राजवटीच्या हाती देऊन भागणार नाही. विरोधकांच्या ताब्यातल्या खेड्यांनाही तो पोचला पाहिजे.

पत्रानं काय हलतं? खासदार परराष्ट्र मंत्र्यांना लोकसभेत प्रश्न विचारू शकतात आणि तो स्वीकारला गेला की मंत्रालयाला उत्तर द्यावंच लागतं. म्हणून ‘मदत करा’ एवढंच लिहू नका. घरबांधणीसाठी किती तरतूद केली, सगाईंगच्या खेड्यांपर्यंत ती कोणामार्फत जाणार, किल्लारी-नेपाळात काम केलेल्या अभियंत्यांना आणि गवंड्यांना पाठवणार का, हे विचारायला सांगा. पत्र मराठीतच लिहा. प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा ते अधिवेशन सुरू व्हायच्या महिनाभर आधी खासदारांच्या कार्यालयात नेऊन द्या आणि पोच घ्या.