स्वतः बिल्ड केलेले (सोर्स कोडपासून तयार केलेले) अँड्रॉइड टेस्ट फोनवर चढवताना 'फास्टबूट फ्लॅशऑल' या आज्ञेला प्रत्येक वेळी 'डॅश डब्ल्यू' (-w) द्यावेच लागते का?

आपल्या प्रश्नातील 'प्रत्येक वेळी' हे शब्द वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. नाही, द्यावे लागत नाही. त्याने फोनचे डेटा पार्टिशन, म्हणजे वापरकर्त्याची माहिती साठवणारा भाग, कोरे होते. एखाद्या उपकरणावर पहिल्यांदा बिल्ड चढवताना ते उपयोगी पडते, एरवी अनावश्यक आहे, असे अँड्रॉइडच्या अधिकृत माहितीतच सांगितले आहे.

मी छत्रपती संभाजीनगरला एका लहान कंपनीत होतो. आडतीवरील नोंदींसाठी आम्ही अँड्रॉइडमध्ये बदल करून देत असू. आमचा एक टेस्ट फोन सोयाबीनच्या हंगामात बारा दिवस लातूरच्या बाजार समितीत ठेवला होता, कारण भर आवकेत तो मध्येच गोठत असे आणि आमच्या टेबलावर तसे कधीच घडत नसे. त्या बारा दिवसांचे लॉग, म्हणजे फोनने स्वतःच्या कामाच्या आपोआप केलेल्या नोंदी, फोनमध्येच साठले होते. फोन परत आला त्या संध्याकाळी मी नवी बिल्ड चढवण्यासाठी कार्यालयातील स्क्रिप्ट चालवली. ती आमच्या वरिष्ठ सरांनी लिहिलेली होती आणि तिच्यात 'फास्टबूट फ्लॅशऑल'पुढे डॅश डब्ल्यू कायमचे जोडलेले होते. सगळे लॉग गेले. ते आधी काढून घेतले नाहीत ही चूक मी तेव्हाच मान्य केली. परंतु 'कोऱ्या फोनवरची चाचणीच खरी' हे सरांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. आडत्याच्या हातातला फोन कोरा नसतो, त्यात हंगामभराच्या नोंदी असतात आणि अपडेट त्या नोंदींसकटच चालावे लागते. तोवर आवक ओसरली होती. तो दोष पकडायला आम्हाला पुढच्या सोयाबीनपर्यंत थांबावे लागले.

तेव्हा आधी संगणकावरून 'एडीबी बगरिपोर्ट' ही आज्ञा देऊन लॉगचा अहवाल काढून घ्या, ज्या टर्मिनलमध्ये लंच (कोणत्या उपकरणासाठी बिल्ड करायची ते निवडणारी आज्ञा) करून बिल्ड केली त्याच टर्मिनलमधून फोन बूटलोडरमध्ये (अँड्रॉइडच्या आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) न्या आणि नुसते फ्लॅशऑल चालवा. बदल सिस्टिममधील दोन-चार फाइलींपुरताच असेल आणि बिल्ड यूजरडीबग (दोष शोधण्यासाठी रूट परवानगी देणाऱ्या प्रकारची) असेल, तर एडीबीच्या रूट, रीमाउंट, सिंक आणि रीबूट या आज्ञांवर भागते. स्क्रिप्टमध्ये डॅश डब्ल्यू असेल तर आजच काढा. ज्याला हवे असेल त्याने ते दर वेळी हाताने लिहावे.

मात्र जुन्या आवृत्तीकडे परत जाताना किंवा वेगळ्या टार्गेटची (लंचमध्ये निवडलेल्या वेगळ्या लक्ष्याची) बिल्ड चढवताना आधीच्या डेटामुळे फोन सुरूच न होण्याची शक्यता असते, तेथे ते द्यावे. बूटलोडर अनलॉक करताना तर डेटा आपोआपच पुसला जातो.