वाचकांचे प्रश्न : कापला गेलेला कर आणि विनामूल्य मदत

प्रश्न : माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट असून एप्रिल 2024 पासून इंदूरमधील एका खासगी रुग्णालयात काम करते. ठरलेले मानधन महिन्याला 18,000 रुपये आहे; पण हातात 16,200 रुपयेच पडतात. यजमान जेल रोडवरील एका दुकानात कामाला आहेत आणि मी घरून डबे देते. ‘कापलेले पैसे मिळवून देतो, त्यातले 20 टक्के मला द्या,’ असे ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात. सी.ए.ची फी आम्हांला परवडणार नाही. विनामूल्य मदत मिळू शकेल का?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : ताई, मिळू शकेल, पण आधी हिशेब पाहू. रुग्णालय तुमच्या मुलीला पगारदार न मानता व्यावसायिक मानते, म्हणून 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 194जे अन्वये दरमहा 10 टक्के, म्हणजे 1,800 रुपये टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापते. मार्च 2025 अखेर ही रक्कम 21,600 रुपये झाली. तिची वर्षाची मिळकत 2,16,000 रुपये आहे आणि नव्या करप्रणालीत त्या वर्षासाठी 3 लाखांपर्यंत कर लागतच नाही. त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर ही सगळी रक्कम तिला परत मिळायला हवी. त्यातून 4,320 रुपये त्या गृहस्थांच्या हाती ठेवायचे, म्हणजे पोरीची जवळजवळ अडीच महिन्यांची कपात दुसऱ्याला देऊन टाकायची, हे मला मुळीच पटत नाही.

प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरण्यास एक पैसाही लागत नाही. तेथे पॅन क्रमांकाने नोंदणी करून सर्वप्रथम फॉर्म 26एएस, म्हणजे जमा झालेल्या कराचा उतारा, उघडावा आणि रुग्णालयाने कापलेली रक्कम मुलीच्या नावावर जमा केली आहे की नाही, हे पाहावे. तेथे 21,600 हा आकडा दिसला की निम्मे काम झाले. दिसला नाही तर रुग्णालयाच्या लेखा विभागात जाऊन फॉर्म 16ए, म्हणजे कापलेल्या कराचे प्रमाणपत्र, मागावा. पगारदारांचा ‘सहज’ हा फॉर्म तिला चालणार नाही. व्यावसायिकांसाठीच्या कलम 44एडीएखाली मिळकतीपैकी निदान 50 टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून ‘सुगम’, म्हणजेच आयटीआर-4 भरावा. पॅन आणि आधार जोडलेले असावेत व बँक खाते संकेतस्थळावर प्रमाणित केलेले असावे, नाहीतर परतावा अडकून पडतो. विवरणपत्र सादर केल्यावर 30 दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने त्याची पडताळणी करणे अत्यंत आवश्यक आहे, आणि नेमके तेच पुष्कळांचे राहून जाते. 2024-25 च्या विवरणपत्राची मुदत 31 जुलैऐवजी 16 सप्टेंबर 2025 पर्यंत वाढवली होती. मुदतीत भरल्यास 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते.

अडचण आल्यास 1800 103 0025 या क्रमांकावर निःशुल्क विचारता येते आणि प्राप्तिकर कार्यालयातील आयकर सेवा केंद्रातही मार्गदर्शन मिळते. शिवाय आम्ही तिघे निवृत्त बँक कर्मचारी दर रविवारी सकाळी रामबागेत याच कामासाठी बसतो. मुलीला आधारशी जोडलेला मोबाइल, पॅन कार्ड आणि पासबुक घेऊन पाठवा. आम्ही शेजारी बसू, पण बोटे तिचीच चालतील, म्हणजे पुढच्या वर्षी तिला कुणाची गरज पडणार नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हजेरी, ठरलेली वेळ, रजेसाठी अर्ज हे सारे असताना तिला ‘व्यावसायिक’ ठरवल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीही हुकतो. नोकरीला धक्का न लावता हे रुग्णालयाकडे मांडता आले तर जरूर मांडावे. ते जमेपर्यंत कर कमी किंवा शून्य दराने कापला जावा, यासाठी प्राप्तिकर विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत देतो ते स्वयंघोषणापत्र (2025-26 पर्यंत फॉर्म 15जी) येथे चालत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सांवेर रोडवरील कारखान्यात काम करतो. त्याचा वार्षिक पगार साधारण साडेपाच लाख आहे. 2024 साली एका एजंटाने त्याचे विवरणपत्र भरून परतावा मिळवून दिला. आता कळते की त्यात न दिलेली देणगी दाखवली आहे. त्याला शिक्षा होईल का?
— एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : भावाने घाबरू नये, पण थांबूही नये. विभागाने 14 जुलै 2025 रोजी अशाच खोट्या वजावटींबाबत देशभर सुमारे 150 ठिकाणी कारवाई केली आणि त्यात मध्य प्रदेशही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. भावालाही तसेच करता येईल. त्या विवरणपत्रासाठी अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, 31 मार्च 2026 पर्यंत भरल्यास मूळ कर व व्याज यांवर 25 टक्के जादा द्यावे लागणार होते. तपासणी सुरू झाल्यावर हा मार्ग बंद होतो आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

आजच एक काम करा. प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील भावाच्या खात्यातील ईमेल पत्ता तपासा. मागच्या रविवारी एक गृहस्थ आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले होते. त्यांचे खाते उघडले, तर ईमेल त्यांनी कधी न पाहिलेला निघाला. विभागाच्या दोन सूचना त्या पत्त्यावर गेल्या होत्या आणि यांना गंधवार्ताही नव्हती. ते कितीतरी वेळ पडद्याकडे नुसते पाहत राहिले. एजंट असे तात्पुरते पत्ते काढून शेकडो विवरणपत्रे भरतात व पत्ते सोडून देतात. उत्तराची जबाबदारी मात्र सही करणाऱ्याचीच राहते.

त्याच्या पुढच्या वर्षी तर भावाला खोटेपणाची गरजच नव्हती. नव्या प्रणालीत 2024-25 साठी 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट धरून 7,75,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर करच येत नव्हता.

प्रश्न : सासूबाई 66 वर्षांच्या आहेत. त्यांचे दुसरे काही उत्पन्न नाही. ठेवीच्या व्याजावर बँक कर कापते, काय करावे?
— एक वाचक, मल्हारगंज

उत्तर : आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच कर कापू नये म्हणून बँकेत स्वयंघोषणापत्र (2025-26 पर्यंत फॉर्म 15एच) द्यावे. एप्रिल 2025 पासून ज्येष्ठ नागरिकांना एका बँकेतील वर्षाच्या 1 लाख रुपयांपर्यंतच्या व्याजावर टीडीएस लागत नाही. आधी कापलेली रक्कम परत मिळवण्यासाठी त्यांचेही विवरणपत्र भरावे लागेल. त्यांना जिने चढवत नसतील तर पत्रातून कळवा, आमच्यापैकी एक जण घरी येईल.