अधिकाऱ्याचं नाव शाळेला कसं काय?

प्रश्न: मुलीकडे शिकागोला गेलो होतो, तिथून जवळच विनेट्का नावाचं गाव आहे. तिथल्या एका शाळेला कार्लटन वॉशबर्न असं नाव दिसलं. जावई म्हणाले, हे इथले स्कूल सुपरिटेंडेंट होते. म्हणजे आपले शिक्षणाधिकारीच ना? आपल्याकडे अधिकारी रिटायर झाला की शाल-श्रीफळ, दोन भाषणं, विषय संपला. यांनी असं काय केलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, शिक्षणाधिकारी म्हटलं तर हो, म्हटलं तर नाही. आपल्याकडे नेमणूक सरकार करतं आणि बदली कधीही होते. तिकडे गावातल्या लोकांचं स्कूल बोर्ड असतं, तेच सुपरिटेंडेंट निवडतं आणि पटलं तर वर्षानुवर्षं ठेवतं. वॉशबर्न 1919 ला आले तेव्हा तिशीसुद्धा उलटली नव्हती, आणि थेट 1943 पर्यंत तिथेच होते, म्हणजे 24 वर्षं एकाच गावात! आधी पहिलीत बघितलेली पोरं पुढे बापे होऊन आपली मुलं शाळेत घालायला आली असतील, बदलीच्या नोकरीत हे कुठलं जमायला.

त्यांचं मुख्य काम म्हणजे विनेट्का प्लॅन. वाचन, लेखन, गणित हे प्रत्येकाने आपापल्या वेगाने करायचं, स्वतः तपासता येतील अशा वह्या बनवलेल्या, एक पायरी पक्की झाली की पुढची, त्यामुळे अख्खं वर्ष नापास ही भानगडच नाही. उरलेल्या वेळात नाटक, चित्रं, मुलांच्या सभा, हे सगळं एकत्र, तिथे मार्क नाहीत. आता हे ऐकायला नवीन वाटत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी अख्ख्या गावाच्या सरकारी शाळांमधून चालवून दाखवलं ही मोठी गोष्ट. सगळंच बरोबर होतं असं नाही हं. मोठा भागाकार बराच उशिरा शिकवावा वगैरे त्यांच्या शिफारशींवर तेव्हाच टीका झाली होती, आणि विनेट्का हे पैसेवाल्यांचं गाव, तिथे जमलं ते सगळीकडे जमेलच असं नाही, हे मला तरी वाटतं.

पण मला विचाराल तर नावाच्या पाटीपेक्षा 1940 ची क्रो आयलंड शाळा बघा, तीही विनेट्कातच. एलिएल आणि ईरो सारिनेन या आर्किटेक्ट बापलेकांनी पर्किन्स, व्हीलर अँड विल या आर्किटेक्ट फर्मसोबत बांधली. त्यातले लॅरी पर्किन्स आधी वर्गात बसून शिक्षक-मुलं काय करतात ते बघत होते, मग डिझाइन. प्रत्येक वर्ग एल आकाराचा, त्याला स्वतःचं छोटं अंगण, स्वतःचं टॉयलेट, दिव्यांची बटणं मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. हॉलमधले बाक तर पुढे छोटे आणि मागे मागे मोठे होत जातात! 1990 ला या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

वॉशबर्न स्वतः 1943 ला युद्धातल्या इटलीत गेले, मुसोलिनीच्या काळातली पुस्तकं बाजूला काढून शाळा परत सुरू करायच्या कामावर.

पुढच्या वेळी मुलीकडे गेलात की क्रो आयलंड जरूर बघा, पण शाळा अजून चालू आहे त्यामुळे असंच आत सोडत नाहीत, जावयांना आधी फोन करून विचारायला सांगा.