50 मीटरला साइट खाली संपते, त्याबद्दल थोडं सविस्तर

तुम्ही लिहिलंय की सहा महिने हॉलमध्ये 18 मीटरवर तिरंदाजीचा सराव झालाय, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे, ताणल्यावर हातात साधारण 24 पाउंड येतात, पुढच्या महिन्यात मैदानावरचं पहिलं शूट 50 मीटरचं आहे आणि "साइट तिथेच सरावाच्या बाणांत लावून घेईन" (साइट म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन). हे शेवटचं वाचून राहवलं नाही. मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, म्हणून त्यावरच जास्त लिहितोय. धनुष्य चढवणं, उभं राहणं वगैरे तुम्हाला येतच असणार.

आधीच सांगतो, मी प्रशिक्षक नाही. तुमचा प्रशिक्षक वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका, तो तुम्हाला रोज बघतो.

अंतर वाढलं की बाण जास्त उंच सोडावा लागतो, म्हणजे साइटची पिन (जिच्यातून नेम धरतो ती) खाली येते. 24 पाउंडांवर 50 मीटरला ती फारच खाली येते. मग एक तर साइटचा प्रवास संपतो, पिन आणखी खाली जातच नाही. हे निदान डोळ्यांना दिसतं. दुसरा प्रकार वाईट: पिन खाली जाते खरी, पण तिची रिंग बाणाच्या वाटेत येते आणि जाताना पिसं तिला घासतात. रिलीज (दोरी सोडणं) चांगला वाटतो, ग्रुप (बाणांचा पुंजका) मात्र फाटतो. माणूस स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो आणि दिवस संपतो. सुटताना बारीक 'टक्' असा आवाज येतोय का, पिसाच्या कडेला एकाच जागी चीर किंवा चकाकी आहे का, हे बघा. शंका असेल तर रिंगला थोडी लिपस्टिक लावा आणि दोन बाण सोडा. डाग पिसावर आला की विषय संपला.

उपाय सांगतो, माझ्या पसंतीच्या क्रमाने. पहिला, साइटचा आडवा बार आत घ्या. पिन डोळ्याच्या जवळ आली की त्याच अंतरासाठी ती कमी खाली न्यावी लागते. किंमत अशी की साइटची प्रत्येक हालचाल बाणाला जास्त हलवते, आणि आधीच्या सगळ्या खुणा (कोणत्या अंतराला पिन कुठे) रद्द होतात. दुसरा, हलके बाण. शिकाऊ ॲल्युमिनियमचे जड बाण असतील तर योग्य स्पाइनच्या (कडकपणाच्या) कार्बन बाणांनी पिन बरीच वर येते. पण स्पाइन तुमच्या ड्रॉ वेटला (ताणायच्या पाउंडांना) आणि बाणाच्या लांबीला जुळलाच पाहिजे, मित्राचे उसने घेऊ नका. तिसरा, अँकर, म्हणजे ताणलेला हात चेहऱ्याला टेकायची जागा. गालावर धरत असाल तर हनुवटीखाली आणल्याने पिन वर येते, पण महिन्याभरात अँकर बदलणं मला धोक्याचं वाटतं. चौथा, पिन सुरक्षित उंचीवर ठेवून नेम वर धरणं, म्हणजे मधल्या सोनेरीऐवजी बारा वाजताच्या काळ्यावर किंवा पांढऱ्यावर. चालतं. मात्र नेम बटाच्या (ज्यावर लक्ष्य लावतात त्या गादीच्या) वरच्या कडेबाहेर धरावा लागत असेल, तर ते अंतर सध्या तुमच्यासाठी नाही. 30 मीटरच्या गटात नाव घाला, त्यात कमीपणा नाही.

लिंब बोल्ट (धनुष्याच्या पात्यांचे बोल्ट) आवळून पाउंड वाढवायचा सल्ला कोणीतरी देईलच. शेवटच्या दोन आठवड्यांत अजिबात नको. टिलर (वरच्या-खालच्या पात्यांचा समतोल), नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा), ब्रेस हाइट (दोरी ते मूठ अंतर) सगळं हलतं, आणि खांदा हलतो तो वेगळाच.

आता खुणा कशा घ्यायच्या. 18 वरून थेट 50 वर उडी मारू नका. 20, 30, 40, 50 असं जा, मोठ्यात मोठ्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर). प्रत्येक अंतरावर सहा-सहा बाण दोनदा. साइट एका बाणासाठी हलवायची नाही, ग्रुपच्या मध्यासाठी हलवायची. ग्रुप वर गेला तर साइट वर, डावीकडे गेला तर डावीकडे. किती हलवायची याचं गणित सोपं आहे: डोळ्यापासून पिनपर्यंतचं अंतर मोजून घ्या. समजा ते 85 सेंमी आहे. 50 मीटर म्हणजे 5000 सेंमी, भागिले 85, जवळपास 59. म्हणजे पिन 1 मिमी हलली की बाण जवळपास 6 सेंमी हलतो. 122 सेंमीच्या फेसवर एक रिंग (गुणांचा एक पट्टा) 6.1 सेंमीची असते, म्हणजे 1 मिमीला एक रिंग. बार 15 सेंमी आत घेतलात तर तोच 1 मिमी 7 सेंमी होतो. हे डोक्यात असेल तर सरावाचे मोजके बाण वाया जात नाहीत.

खुणा वहीत लिहा आणि शेजारी त्या दिवशीची ब्रेस हाइटही लिहा. दोरी काढून ठेवताना पीळ सुटला तर ब्रेस हाइट उतरते, आणि मग कालची खूण आज चालत नाही.

दुसरा मुद्दा, ज्यावर माझा अजून राग आहे. "50 मीटर" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रौढ रिकर्व्हला 70 मीटर आणि 122 चा फेस, कंपाउंडला (चाकांचं धनुष्य) 50 मीटर आणि 80 चा, बेअरबोला (बिनसाइटचं रिकर्व्ह) 50 मीटर आणि 122 चा. नवख्यांच्या गटात आयोजक काहीही ठेवू शकतात. एका आयोजक कार्यालयाला मी अंतर आणि फेस विचारला, तर उत्तर आलं, "नेहमीप्रमाणेच." अहो, पहिल्यांदा येणाऱ्याला नेहमीचं कसं माहीत असणार? म्हणून लेखी विचारा: माझ्या गटाचं अंतर, फेसचा आकार, एका एंडला (बाणांच्या एका फेरीला) किती बाण आणि किती वेळ, सरावाचे बाण किती. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारा. चिकट म्हणतील, म्हणू देत.

बाकीचं झटपट. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे सुरू, तीन म्हणजे बाण आणायला चला. पाच किंवा जास्त म्हणजे तत्काळ थांबा, ताणलेलं असेल तर उतरवा. हातून पडलेल्या बाणाचा काही भाग उभं राहायच्या रेषेपुढच्या 3 मीटरच्या रेषेच्या अलीकडे असेल तर तो मारलेला धरत नाहीत. त्याच्यामागे वाकू नका, भात्यातला दुसरा घ्या. त्यासाठी सहाऐवजी आठ बाण, सगळे एकाच रंगाच्या पिसांचे, एकाच रंगाच्या नॉकचे (मागच्या खाचेचे) आणि प्रत्येकावर तुमची आद्याक्षरं.

गुण लिहून होईपर्यंत बाणाला, फेसला, बटाला हात नाही. रेषेला लागलेल्या बाणाला वरचा गुण मिळतो. उपटण्याआधी भोकांवर खूण करा. पुढे एखादा बाण आपटून परत आला तर बिनखुणेचं भोकच तुमचा साक्षीदार. उपटताना मागे कोणी उभं नाही ना, आधी बघा. सही करण्याआधी बेरीज स्वतः तपासा, चुकलेल्या बेरजेवर सही केलीत तर नंतर वाद घालता येत नाही.

वाऱ्यात साइट फिरवत बसू नका, झोत बदलला की उलटं फिरवावं लागतं. नेम थोडा सरकवा, किंवा झेंडा खाली बसेपर्यंत थांबा. पाऊस असेल तर जाड रेनकोटची बाही दोरीत येते, अंगाला घट्ट बसणारा घ्या. जादा टॅब (दोरी ओढताना बोटांवर घालायचं चामडं) कोरड्या पिशवीत ठेवा. जादा दोरी आधी शंभरेक बाण सोडून बसवलेली हवी, पाकिटातली नवी नको. आणि दुर्बीण कोणाची तरी मागून न्या, 50 मीटरवरून काळ्यातले बारीक कार्बन बाण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

अंतर लेखी आलं की तुमच्या बाणांचं वजन, अँकर आणि डोळा ते पिन अंतर इथे टाका. पिन कुठे बसेल याचा अंदाज काढता येईल.